दुसऱ्या पानाचा डावा कोपरा

१

फ्रेममधला कागद वर्तमानपत्राचा नव्हता.

दामिनीच्या हे लक्षात आलं तेव्हा फ्रेम टेबलावर पालथी पडली होती, मागची फळी निघाली होती आणि खोलीतली तिघं जण चहाची वाट बघत होती. तिनं कागदाची कड दोन बोटांत धरून पाहिली. जुन्या वर्तमानपत्राचा कागद कुरकुरीत होतो, हाताला त्याची भुकटी लागते. हा गुळगुळीत होता. पिवळेपणासुद्धा त्याच्यावर छापलेला होता. मागची बाजू पांढरी, कोरी.

"ही रंगीत झेरॉक्स आहे," ती म्हणाली. "मूळ पान कुठंय?"



रांजणीखेडे हे नंदुरबारकडच्या कोरीटच्या पुढचं तापीकाठचं गाव. बहुतेक घरं गुजर शेतकऱ्यांची. केळी, ऊस, कापूस. गावच्या वाचनालयात ही फ्रेम पन्नासहून जास्त वर्षं भिंतीवर होती. तिच्यात 'द प्रेसिडेन्सी स्टँडर्ड' या मुंबईच्या इंग्रजी दैनिकाचं पहिलं पान होतं, आणि त्या पानावर गावातल्या शांतीलाल पटेलांचा फोटो. तापीला मोठा पूर आला त्या वर्षीचा.

स्टँडर्डला यंदा दीडशे वर्षं पूर्ण होत होती. मुंबईतल्या एका कापूस व्यापाऱ्यानं सुरू केलेला हा पेपर पुढे असा नावारूपाला आला, की कोर्टात वकील त्याची कात्रणं दाखवायचे आणि मास्तर मुलांना त्याचे अग्रलेख पाठ करायला लावायचे. त्याच्या पहिल्या संपादकानं एक नियम घालून दिला होता. चूक झाली तर तिची दुरुस्ती छापायची, तीही कायम एकाच जागी: दुसऱ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात वर. लोक म्हणत, जो पेपर आपली चूक सांगतो तो खोटं कशाला छापेल? आता दुरुस्त्या वेबसाइटच्या तळाशी जातात, पण दबदबा थोडाफार टिकून आहे. दामिनी त्याच पेपरात नोकरीला होती. माहेर शिरपूरकडचं, म्हणून दीडशे वर्षांच्या विशेषांकासाठी तिला इकडे पाठवलं होतं.

"नवल!" हेमकांत एकदम अहिराणीत ओरडला. तो शांतीलालांचा नातू, वाचनालयाचा अध्यक्ष. "त्यानाच हे काम शे! गेल्या आठवड्यात उना, फोटो काढी गया. मी आत्ताच पोलिसांना फोन लावतो."

"कोण नवल?"

"भिलाचा नातू," ग्रंथपाल मोहिनी हळूच म्हणाली. "त्या पळपुट्या नावाड्याचा."

२

दामिनीनं हेमकांतकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या नव्या सभागृहाला शांतीलालांचं नाव द्यायचा कार्यक्रम होता, मांडव पडला होता. गडबड नको म्हणून हेमकांत कसाबसा तयार झाला.

भिलाची गोष्ट त्यानंच सांगितली. पुराच्या वेळी सरकारनं गावाला एक होडी दिली होती आणि ती चालवायला भिला नावाचा भिल्ल नावाडी. पाणी चढलं तशी लोकं घरांच्या धाब्यांवर अडकली. भिला होडी घेऊन पळून गेला. मग शांतीलालांनी दुसरी होडी मिळवून माणसं काढली, आणि त्या दगदगीनं ताप येऊन आठ-दहा दिवसांत वारले.

"हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? स्टँडर्डमध्ये आलंय. तुमचाच पेपर, मॅडम."

"नवल त्यात कुठं आला?"

"त्याच्या घरच्यांना आमच्या नावाची खुन्नस असणारच. मोबाइलवर फोटो काढला, त्याची झेरॉक्स बनवली, आणि पान घेऊन गेला."

मोहिनीशी ती एकांतात बोलली. चाव्या तिघांकडे असत: मोहिनी, हेमकांत आणि अमृत गुरुजी. गुरुजी म्हणजे गावचे जुने मास्तर, ऐंशीच्या घरातले, वाचनालय त्यांनीच काढलेलं. सकाळपासून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून होते.

"मी पान फ्रेममधून काढून स्कॅन करणार आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"तुमचा फोन आला त्याच दिवशी मी दोघांनाही सांगितलं."

"आणि नवलला?"

"तो त्याच्या आदल्या दिवशी येऊन गेला होता. फोटो काढला, माझ्यासमोर. फ्रेमला हातही लावला नाही."

दामिनी पुन्हा टेबलापाशी आली. झेरॉक्स पानाच्या मूळ आकाराची होती. बारीक टाइपसुद्धा सुईसारखा स्वच्छ. काचेवरून मोबाइलवर घेतलेल्या फोटोतून हे होणं शक्य नव्हतं. अस्सल पान मशीनवर ठेवूनच ही प्रत निघाली होती.

मग तिनं शांतीलालांची बातमी वाचायला घेतली. आल्यापासून कुणी ती वाचताना दिसलं नव्हतं. सगळे फक्त फ्रेमकडे बोट दाखवत होते. बातमी छोटी होती. शांतीलाल पटेल यांनी आपलं धान्याचं कोठार उघडून पूरग्रस्तांना जेवू घातलं, स्वतः तापानं फणफणलेले असताना शेवटपर्यंत लोकांची व्यवस्था पाहिली, अशा आशयाची.

तिनं ती दोनदा वाचली. बातमीत होडी कुठंच नव्हती.

३

नवल तळोद्याच्या जीप स्टँडवर सापडला. डोंगरातल्या गावांकडे जाणारी त्याची जीप भरत आली होती. चाळिशीचा, सडपातळ. दामिनीनं पेपरचं नाव सांगताच त्यानं बसलेल्या प्रवाशांना दुसऱ्या जीपमध्ये जायला सांगितलं.

"पान चोरीला गेलंय," ती म्हणाली. "गावात तुमचं नाव घेताहेत."

त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "घेतीनच. पहिले मन्हा आजानं, आते मन्हं."

"तुम्ही फोटो कशाला काढलात?"

"माले इंग्रजी येत नही, ताई. पण मन्ही पोर नंदुरबारले कॉलेजमा शे. तिले म्हनं, बाई, वाची सांग. मन्हा आजाबद्दल काय लिखेल शे ते तरी समजू दे." त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. काचेवरच्या उजेडानं अर्धं पान पांढरं झालेलं. "ती म्हने, बाबा, याम्हा भिला नाव शेच नही."

"नाही. आधीच्या एखाद्या अंकात असेल."

"मंग ज्या अंकमा शे, तो कोनी वाचा?"

दामिनीनं वही उघडली. तिनं त्याच्या घरच्यांविषयी विचारलं. भिलाची बायको कालीबाई. पुरानंतर गावानं तिची झोपडी पाडली. कडेवर तान्ही मुलगी घेऊन ती तळोद्याच्या वरच्या पाड्यात माहेरी आली आणि पुन्हा नदी बघायला गेली नाही. ती मुलगी म्हणजे नवलची आई, रूपलीबाई.

"आजीनं काही सांगितलं होतं?"

"मरेपर्यंत एकच. तो पळना नही म्हने, बुडना." नवलनं मोबाइल खिशात टाकला. "पण बाई मानूसनं कोन ऐकस? तिकडे पेपर व्हता."

४

परतताना दामिनीनं मुंबईला फोन लावला. पेपरच्या संग्रहातल्या माणसानं दहा मिनिटांत त्या आठवड्याचे अंक शोधले. पहिली बातमी सापडली. भिला नावाचा नावाडी सरकारी होडीसह पसार झाल्याचं एका अनाम अधिकाऱ्याच्या हवाल्यानं छापलं होतं. त्यानंतर भिलाचं नाव कुठंच नव्हतं.

"पण आपल्याकडे मुंबई आवृत्तीच जपलेली आहे," तो म्हणाला. "बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती वेगळी असायची. तिचे अंक कुणी ठेवलेच नाहीत."

म्हणजे रांजणीखेड्याचं ते पान जगात कदाचित एकच होतं.

वाचनालयात येऊन तिनं झेरॉक्स खिडकीपाशी धरली आणि नीट विचार केला. शांतीलालांचं कौतुक कुणाला खुपत असतं, तर त्यानं फ्रेम उचलून नेली असती किंवा फोडली असती. इथं उलटं झालं होतं. चोरानं पुढची बाजू जपली होती. ती जशीच्या तशी भिंतीवर राहावी म्हणून खर्च केला होता, खटपट केली होती. त्याला पुढची बाजू नकोच होती. प्रत्येक पानाला पाठ असते. पहिल्या पानाच्या पाठीवर दुसरं पान असतं, आणि दुसऱ्या पानाचा डावा कोपरा बरोबर पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्याच्या मागे येतो.

तिथं, पेपरच्या नावाशेजारी, एका चहाच्या जाहिरातीची चौकट होती. बरीचशी मोकळी. त्या मोकळ्या जागेत फिकट करड्या रेघा दिसत होत्या. आधी तिला ते डाग वाटले होते. पातळ कागद मशीनच्या पांढऱ्या झाकणाखाली ठेवला, की पाठीमागचा मजकूर पुढं उमटतो, हे छापखान्याशी संबंध आलेल्या कुणालाही ठाऊक असतं. अक्षरं उलटी असतात, एवढंच.

तिनं मोबाइलवर फोटो घेऊन तो डावा-उजवा उलटा केला आणि गडद केला. बहुतेक ओळी चहाच्या अक्षरांखाली बुडाल्या होत्या. तीनच इंग्रजी शब्द सुटे वाचता आले. 'नावाडी भिला', आणि खालच्या ओळीत 'चूक'.

५

अजून एका माणसाशी बोलायचं राहिलं होतं. शांतीलालांची मुलगी मीनाबाई, हेमकांतची आत्या. पूर आला तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. हेमकांतच्या घराच्या मागच्या अंगणात ती शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, पुरात तुम्ही कुठं होता?"

"नावमा," ती सहज म्हणाली. "माले आनि मन्ही मायले नावमा बसाडं."

"कुणी? वडिलांनी?"

मीनाबाईचे हात थांबले. "बाप तं घर व्हता. ताप भरेल व्हता त्याले. उठता येत नव्हतं." ती दाराकडे पाहून आवाज उतरवत म्हणाली, "नाव भिलानी व्हती. माले त्यानी उचली सन पलीकडे ठेवं. मन्हा पायमा काटा भरना व्हता, तो बी काढा त्यानी. मंग परत गया. मी दखत व्हती. नाव आडवी व्हयनी आनि मंग दिसनी नही."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगं व्हतं. लहान पोरनं कोन ऐकस? नावमा व्हतात त्यासनी त्याले परत जाताना दखं, बुडताना कोनी दखं नही. बठ्ठा लोक म्हनेत, पोर घाबरनी शे. गुरुजी म्हनेत, पेपरमा छापेल शे, तो पळना. बापनी तेवढं इचारं, पन तो मरना आनि मंग कोनी इचारंच नही." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "पुढे मालेच वाटे लागनं, मी सपन दखं का काय."

दामिनी उठली. काय लपवलं गेलं ते आता कळलं होतं. कुणी, एवढंच ठरायचं होतं. चावी तिघांकडे होती. पान काढलं जाणार हे तिघांना माहीत होतं. इंग्रजीही तिघांना वाचता येत होतं.

ती वाचनालयात गेली, फ्रेमची फळी उचलली आणि खिळ्यांची भोकं एकेक करून तपासली.

६

अमृत गुरुजी त्याच खुर्चीवर होते. हेमकांत आणि मोहिनी समोर बसले. दामिनीनं फळी टेबलावर ठेवली.

"सकाळी मोहिनीताईंनी पकडीनं जे खिळे काढले ते नवे होते, चकचकीत. पण भोकांच्या कडेला जुन्या खिळ्यांचा गंज उतरलाय, आणि प्रत्येक ठिकाणी भोक एकच आहे. म्हणजे फ्रेम तयार झाली तेव्हापासून आजच्या आधी ती एकदाच उघडली गेली. या आठवड्यात. जुने खिळे निघाले, त्याच भोकांत नवे बसले. मधल्या काळात या पानाची पाठ कुणीही बघितलेली नाही."

"मग?" हेमकांत म्हणाला.

"मग त्या पाठीवर लपवण्यासारखं काही आहे, हे फ्रेम उघडण्याआधी कुणाला माहीत असणार? हेमकांतभाऊ, तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मोहिनीताईंचाही नाही. नवलच्या बाबतीत तर बोलायलाच नको. ज्यानं ते पान फ्रेममध्ये घातलं, त्यालाच फक्त त्याची पाठ ठाऊक होती."

मोहिनीनं मान वळवली. फ्रेम कुणी केली हे गावातल्या शाळकरी पोरांनाही माहीत होतं.

गुरुजींनी चष्मा काढला. "शहाद्याला नकाशांची झेरॉक्स काढतात, तिथं गेलो होतो," ते शांतपणे म्हणाले. "मागचं पुढं उमटतं, हे लक्षात नाही आलं."

"गुरुजी?" हेमकांतचा आवाज चिरकला. "तुम्ही?"

"गावात तेव्हा इंग्रजी येणारा मी एकटा. तेवीस वर्षांचा होतो. स्टँडर्ड शाळेत टपालानं यायचा, आणि मी तो पारावर वाचून दाखवायचो. भिला पळाला ही बातमी मीच वाचली. कुणीतरी विचारलं, मास्तर, हे खरं कशावरून? मी म्हणालो, स्टँडर्ड खोटं छापत नाही." त्यांनी चष्मा पुसला, पण घातला नाही. "त्याच दुपारी लोकांनी कालीबाईची झोपडी पाडली. पुढचे आठ-दहा दिवस गेले आणि हे पान आलं. पुढच्या बाजूला शांतीलालभाई. उलटलं तर ती दुरुस्ती."

"मग ती का नाही वाचलीत?"

"पारावर गेलो होतो. लोक जमलेले. आधी शांतीलालभाईंची बातमी वाचली, लोक रडायला लागले. मग पान उलटायचं होतं." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "उलटलं नाही. मला वाटलं, उद्या वाचू. झोपडी पाडणारे समोरच बसले होते, आणि माझ्याच शब्दावर ते गेले होते. पुढे कुणीतरी म्हणालं, पान मढवून लावू. मला बरंच झालं. पाठ भिंतीकडे गेली."

"आणि आजोबांनी होडीतून माणसं काढली, ते?" हेमकांतनं विचारलं.

"ते पुढे गावानं त्यांच्या नावावर लावलं. मी खोडलं नाही."

हेमकांत उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. "म्हणजे माझ्या आजोबांच्या नावावर सगळी थाप. उद्या पाटीवर काय लिहू मी?"

"पान जाळलंत?" दामिनीनं विचारलं.

गुरुजींनी मान हलवली. कपाटातला मोठा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला. त्याच्या घडीत पान होतं, मूळ, पिवळं, अखंड. त्यांनी ते उलटं केलं, आणि पारावर वाचायचे तसं मराठीत सावकाश वाचलं:

"'पुराच्या आमच्या पहिल्या बातमीत नावाडी भिला हा सरकारी होडी घेऊन पळाला असं म्हटलं होतं. ही आमची चूक होती. भिला यांनी दोन फेऱ्यांत एकवीस जणांना सुखरूप पोचवलं आणि तिसऱ्या फेरीत होडीसह ते बुडाले. गावचे श्री. शांतीलाल पटेल यांनी मृत्यूपूर्वी आमच्या बातमीदाराला बोलावून घेऊन ही हकीकत सांगितली आणि ती छापण्याचा आग्रह धरला. भिला यांच्या कुटुंबाची आम्ही क्षमा मागतो.'"

हेमकांतनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तापात होते ते," तो म्हणाला. "तसल्या तापात बोलावून घेतलं होतं."

दामिनीनं बाहेर येऊन संपादकांना फोनवर कळवलं. ते खूश झाले. "म्हणजे आपण तेव्हाच चूक कबूल केली होती! दीडशे वर्षांच्या अंकाला यापेक्षा चांगली गोष्ट कुठली? पहिल्या पानावर घेऊ."

"कबूल केली होती, सर," ती म्हणाली. "इंग्रजीत. ज्यांची माफी मागितली त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. हे छापणार असाल तर पाठवते."



७

दिवस मावळायच्या आत नवलची जीप पाड्यावर पोचली. गुरुजी पुढे बसले होते, मागे दामिनी आणि हेमकांत. नकाशाच्या घडीतलं पान गुरुजींच्या मांडीवर होतं.

रूपलीबाई ओट्यावर बसली होती. साठीच्या आसपासची, अंगानं बारीक. गुरुजींनी उभ्यानंच ती दुरुस्ती वाचली आणि नवलनं तिला घरच्या बोलीत सांगितली. मग गुरुजींनी आपण काय केलं तेही सांगितलं. नवल मध्येच थांबला. त्यानं गुरुजींकडे पाहिलं आणि राहिलेलं सांगून टाकलं.

रूपलीबाई ओट्यावरून खाली उतरली. मग दोनच वाक्यं बोलली.

"काय म्हणते?" गुरुजींनी विचारलं.

"म्हनस, हे मन्ही मायनी माले रोज सांगेल शे," नवल म्हणाला. "ज्यासले माहीत नही, त्यासना गावमा जाई सन वाच म्हने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला होता. हार होते, माइक होता, सभागृहाच्या पाटीवर पडदा होता. हेमकांतनं प्रास्ताविक केलंच नाही. त्यानं माइक गुरुजींच्या हातात दिला आणि स्वतः खाली, लोकांत जाऊन बसला.

गुरुजींनी पान आधी पुढून वाचलं, मग उलटलं. पुस्तकी मराठी सोडून ते अहिराणीत बोलले, म्हणजे कुणाला समजलं नाही असं व्हायला नको. वाचून झाल्यावर, त्या दिवशी पारावर पान का उलटलं नाही, तेही त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि कुणाकडे न बघता मांडवाबाहेर निघून गेला. टाळी वाजली नाही. पाटीवरचा पडदा तसाच राहिला.

रूपलीबाई पहिल्या रांगेत नवलशेजारी बसली होती. ती उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं ती आता बोलेल, काहीतरी सुनावेल. तिनं मांडवावरून एकदा नजर फिरवली आणि तोडक्यामोडक्या अहिराणीत विचारलं, "आम्हनं घर कोठे व्हतं?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. तरुणांना माहीत नव्हतं. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

बायकांच्या घोळक्यातून मीनाबाई पुढं आली. पदर सारखा करत ती रूपलीबाईजवळ गेली आणि तिचा हात धरला.

"चाल, मी दाखाडस," ती म्हणाली. "चिंचना झाडना बाजूले व्हतं. तुन्ही माय आंगनमा जाळं सुकाडे."

सभा तशीच सोडून दोघी नदीच्या बाजूला निघाल्या. थोड्या वेळानं मांडवातली माणसं, एकेक करून, त्यांच्या मागं चालू लागली.